हापशापाशी अडलेली पालखी

माणसं उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी दुष्काळाच्या वर्षी, भर एप्रिलात, देवरुखहून उठून लातूर जिल्ह्याच्या टोकाला गेले. घरच्यांनी विचारलं, "तिकडे काय बघणार?" मी म्हटलं, "पालखी." यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मला ऊन लागण्यासाठी लातूरला जायचीसुद्धा गरज उरलेली नाही.

त्यांचंही बरोबर होतं. मी देवळात जात नाही. आमच्या गावात शिमग्याला पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, यावरून दोन भावक्या कोर्टात गेल्या आणि त्या वर्षी देव पेटीत, पेटी कुलपात आणि किल्ली पोलिसपाटलाकडे अशी व्यवस्था झाली. होळी पेटली, ढोल वाजले, फक्त देव नव्हता. देवाच्या नावानं माणसं एकमेकांच्या अंगावर कशी जातात ते मी तेव्हा पाहिलं आणि माझं मन उडालं. त्यानंतर कुठे घंटा वाजली की मला आधी मानकरी दिसतो, देव फार मागून येतो.

पण महानंदाचा फोन आला होता. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. ती लिंगायत घरातली, माहेर उदगीरकडचं आणि सासर त्याच भागातलं एक बाजारपेठेचं गाव. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिच्या घरी मला पुन्हा जेवायला जायचं आहे.

"अलके, ये. आमच्याकडं अड्डपालखी हाय, आडवी चालणारी. तुझ्या जन्मात असलं बगितलं नसशील," ती म्हणाली. "अन् आंबे नको आणू. पाणी आणता आलं तर बग."

नांदेड, कंधार आणि पुढे

नांदेडला उतरून मी कंधारमार्गे जाणारी एस.टी. पकडली. खिडकीबाहेर बघण्यासारखं फारसं नव्हतं. शेतं तव्यासारखी तापलेली, नदीच्या पात्रात पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी आखलेली. गाडीत मात्र बहर होता. नवे जिल्हे होणार अशी बातमी कुठल्याशा पेपरात आली होती आणि अख्खी गाडी जिल्हे वाटून घेत होती.

माझ्या शेजारचे गृहस्थ किनवटचे. ते म्हणाले, "आमच्याकडनं नांदेडला यायचं म्हणजे दिवस जातो बगा. जंगलातनं यावं लागतं. जिल्हा किनवटलाच पाहिजे." पुढच्या बाकावरून आवाज आला, "उदगीरचं ठरलंय. नुसती सही राहिलीय." मग एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या गावाचं नाव घेतलं. त्या गावात गाडी थांबली तेव्हा एक चहाची टपरी, एक बंद पडलेला पेट्रोल पंप आणि बसलेली म्हैस इतकंच दिसलं. म्हातारा उतरताना म्हणाला, "जागा लई हाय आमच्याकडं." ते मात्र खोटं नव्हतं.

कंधारच्या स्टँडवर मी पाण्याची बाटली मागितली. दुकानदारानं आधी विचारलं, "कुठं चाललात?" मी सांगितलं. त्यानं पुढे काही न विचारता दोन बाटल्या दिल्या.

महानंदाची गल्ली

मराठवाड्यात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या येतो. महानंदाच्या घरात मी पाऊल ठेवलं आणि तिनं माझ्याच पिशवीतली बाटली काढून माझ्या हातात दिली. "पी. सवय लागू दे," म्हणाली आणि मिठी मारून रडली. ती वसतिगृहातही अशीच होती, हसणं आणि रडणं एकाच भांड्यात शिजवायची.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराचं मसालेदार पीठ घातलेली आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. कोकणात आमटीत पाणी जास्त झालं की आम्ही सुगरणीला नावं ठेवतो. इथे पातळ आमटी हा श्रीमंतीचा पुरावा झाला होता. अंघोळीला मला घमेल्यात बसवण्यात आलं, कारण ते पाणी नंतर फरशीला, फरशीचं पाणी मग संडासात आणि शेवटी उरलंच तर कडुलिंबाला. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या पिंपाला कुलूप होतं. तिजोरीला नव्हतं.

घरासमोरच्या गल्लीत हातपंप होता. तिकडे त्याला हापसा म्हणतात. गावातल्या त्या बाजूच्या सगळ्या बोअर आटल्या होत्या, हा एकटाच टिकून होता. पाच-दहा वेळा नुसतीच हवा हापायची, मग घशातून खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि करंगळीएवढी धार लागायची. पहाटेपासून बायकांची रांग. समोरच्या घरात मेहरूनबी राहायची. तिचा नवरा गाद्या भरायचा. हापशाचा दांडा तिच्या हाताला असा बसला होता की बाकीच्यांना दमून बसावं लागे तिथे ती बोलत बोलत घागर भरायची. महानंदाच्या घागरी तीच हापून द्यायची आणि महानंदा तिच्या घरच्या भाकरी थापून द्यायची. या व्यवहाराला किती वर्षं झाली ते दोघींनाही सांगता येत नव्हतं.

रोज सकाळी महानंदा गळ्यातल्या चौक्यातून, म्हणजे चांदीच्या डबीतून, आपलं इष्टलिंग काढायची, तळहातावर ठेवायची आणि चमचाभर पाण्यानं पूजा करायची. मी गप्प बसून बघायचे. ती म्हणाली, "आमचा देव असा हातावर मावतो बग. त्याला रस्ता लागत न्हाई का पालखी लागत न्हाई."

"मग ही अड्डपालखी कशाला?"

"ते गुरुलिंगअप्पाला विचार," ती म्हणाली आणि लिंग पुन्हा चौक्यात ठेवलं.

तुरीचं पोतं

गुरुलिंगअप्पा म्हणजे गावचे पुढारी. धान्याची आडत, दोन पेट्रोल पंप आणि कडक इस्त्रीचं धोतर. ते जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष होते आणि पालखी स्वागत समितीचेही अध्यक्ष होते. दोन्ही समित्यांत माणसं तीच होती, फक्त टोपी आणि टॉवेल बदलायचे. महानंदाचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, दोन्हीकडे सदस्य होते आणि दोन्हीकडे मान डोलवायचे.

अप्पांचा हिशेब मला चहा पिता पिता समजावण्यात आला. मोठ्या मठाचे स्वामीजी गावात येतील. स्वामीजी येतील म्हणून मंत्री येतील. मंत्री पाया पडतील तेव्हा स्वामीजी त्यांच्या कानात दोन शब्द बोलतील. उदगीरच्या ताटातला जिल्हा आपल्या ताटात येईल आणि जिल्हा आला की धरणाची पाइपलाइन येईल. पाऊस तर स्वामीजींचे पाय लागताच पडणार होता, तो हिशेबात धरलाच नव्हता.

"पण पालखी आडवी का?" मी विचारलं.

अप्पांना माझी कीव आली. "ताई, बाकीच्या पालख्या रस्त्यानं सरळ जातेत. ही रस्त्याला आडवी जाते. दांडा या कडंपासनं त्या कडंपर्यंत. समोरनं राजा आला तरी त्यानं थांबायचं. हा मान लई थोड्यांना हाय. जुन्या काळात यावरनं डोकी फुटलीत."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, अरुंद असली की पालखीतला देव कुणीतरी डोक्यावर घेतो आणि पुढे जातो, देव आपली वाट काढतो. डोकी मात्र आमच्याकडेही फुटतातच.

सोहळ्याच्या आधी रंगीत तालीम ठरली. स्वामीजींच्या जागी पालखीत कुणी बसायचं, यावर मोठा पेच पडला. कुणीही बसला असता तर तो उद्या शेफारण्याची शक्यता होती. शेवटी भावजींच्या दुकानातून तुरीचं पोतं आणलं. स्वामीजींचं वजन विचारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून फोटो बघून पोत्यातली तूर कमीजास्त करण्यात आली. नुसतं पोतं बरं दिसेना, तेव्हा त्यावर शाल टाकली. शाल आहे तर हार हवाच.

वेशीपासून पालखी निघाली. काशिनाथ नावाचा अप्पांचा माणूस दांड्याच्या एका टोकाला, तोंडानं "हळू, हळू" म्हणत. रस्त्यावरच्या लोकांनी आधी हसून बघितलं. मग एका आजीनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. तिच्या मागच्या बाईनं केला. एकानं नारळ फोडला. मारवाडी दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. तालीम आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पुढच्यानं हात जोडल्यावर आपण कसं जोडू नये, हा प्रश्न मागे मागे सरकत गेला. अप्पांनी आधी "अरे, पोतं हाय ते!" म्हणून ओरडून बघितलं. मग गर्दी वाढली तशी ते पोत्याशेजारी उभे राहिले आणि माईक मागवून त्यांनी जिल्ह्यावर भाषण केलं. पोत्याच्या साक्षीनं जिल्हा आणण्याची शपथ झाली. मी हसू दाबता दाबता रडकुंडीला आले. मनातल्या मनात भीतीही वाटली, कारण त्या गर्दीत हात न जोडलेली मी एकटीच होते आणि लोक ते बघत होते.

पालखी महानंदाच्या गल्लीत शिरली आणि अडली. एका बाजूला मेहरूनबीचा ओटा, दुसऱ्या बाजूला हापसा. हापशाकडची भोयांची रांग लोखंडावर आपटली, काशिनाथ दांड्याखाली दबला आणि पोतं कलून त्यातली तूर गल्लीभर सांडली. बायका शालीकडे न बघता तूर वेचायला धावल्या.

अप्पांनी हापशाकडे बोट दाखवलं. "हा उपटा."

मेहरूनबी ओट्यावरून म्हणाली, "अप्पा, लोकं पाणी कुठनं प्यायची?"

"कार्यक्रम झाला की परत बसवू की."

"वरचं काढलं अन् आतनं बोअर ढासळली मंग? आहे तेवढं बी पाणी जाईल."

"जिल्हा झाल्यावर घरोघरी नळ येतील, मेहरूनबी," अप्पा म्हणाले, "थोडं सबुरीनं घ्या." आणि भावजींकडे बघितलं. भावजींनी मान डोलवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिटर पाने घेऊन येणार असं ठरलं.

त्या रात्री महानंदानं नवऱ्याच्या ताटात घट्ट आमटी वाढली.

दुपार

एप्रिलच्या दुपारी तिकडे गावात कुत्रंसुद्धा हिंडत नाही. महानंदानं मला उठवलं. तिच्या ताटात विभूतीचा गोळा, हळदकुंकू, बेलाची पानं आणि नारळ होता.

"हे धर," ती म्हणाली.

आम्ही गल्लीत गेलो. तिनं हापशाच्या तोंडावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, मध्ये कुंकू लावलं, दांड्याला बेल बांधला, खाली नारळ फोडला. मेहरूनबी दारात उभी राहून तोंडात ओढणी कोंबत होती. "भाभी, जरा डोळे बी काढा की! नुस्ता कपाळाचा देव कसा दिसंल?" महानंदानं डोळे काढले. एक डोळा जरा मोठा झाला आणि हापसा आमच्याकडे संशयानं बघायला लागला. आम्ही तिघी भिंतीला धरून हसलो. देवाधर्माच्या कामात मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

संध्याकाळी फिटर आला. त्यानं हापसा बघितला, पाना खाली ठेवला, चपला काढून हात जोडले आणि निघून गेला. मग समिती आली. मग गर्दी. कुणी केलं हे कुणीच विचारलं नाही, सगळ्यांनी फक्त अप्पांकडे बघितलं. अप्पांनी हापशाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला स्पष्ट दिसला. पुढच्या क्षणी त्या कडक धोतरासकट त्यांनी धुळीत साष्टांग नमस्कार घातला.

उठून म्हणाले, "मला पहाटंच दृष्टांत झाला होता. म्हटलं, खरं का खोटं. बोला, हर हर महादेव!"

महानंदा माझ्या कानात म्हणाली, "आता काढा म्हणावं." जिंकल्याच्या खुशीत तिनं त्या रात्री सगळ्यांना पातळ आमटी वाढली.

सोहळा

स्वामीजी आले. मंत्री आले नाहीत, त्यांना उदगीरला काम निघालं. अड्डपालखी मात्र खरोखर बघण्यासारखी होती. तालात पडणारी पावलं, हलग्या, फुलं, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लाटेसारखा पुढे येणारा तो दांडा. स्वामीजी फार म्हातारे होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि पालखीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडलेली. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं. त्यांना बहुतेक गरगरत असावं.

सगळं गाव श्वास रोखून हापशाशी उभं होतं. भोई बिदरकडचे, कसलेले. हापसा आला तसे ते थांबले, पालखी सरळ केली, चार पावलं सरळ गेले आणि पलीकडे जाऊन पुन्हा आडवी केली. बस्स. त्यातला एक घाम पुसत म्हणाला, "दर गावात एक हापसा असतोच की."

ज्या अडचणीसाठी गावाचं पाणी जाणार होतं, ती तेवढ्यात संपली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी माईक हातात घेतलाही होता. "बघा भक्तहो! साक्षात स्वामीजींनी आपली पालखी वळवून या जागृत स्थानाला मान दिला!" हलग्या दुप्पट वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी उठून बघते तर हापशाभोवती लोखंडी कठडा. कठड्याला कुलूप. शेजारी खुर्चीत काशिनाथ, एक खांदा पट्टीत बांधलेला. पाणी फक्त पूजेपुरतं मिळेल, बाकीचा निर्णय समिती घेईल, असं तो घागरी घेऊन आलेल्या बायकांना सांगत होता. बायका ओरडत होत्या. "विटाळ नको व्हायला," तो म्हणाला.

"आपल्या लिंगायतात विटाळ मानत न्हाईत, काशिनाथ," महानंदा म्हणाली. "लहानपणापासनं तेच शिकलोय का न्हाई?"

"मला काय माहीत वैनी. अप्पानं सांगितलंय."

मेहरूनबी आपल्या ओट्यावर रिकामी घागर घेऊन उभी होती. उतरत नव्हती. महानंदानं हाक मारली, "ये की ग."

"नक्को भाभी," ती म्हणाली. "परवापर्यंत हापसा होता. आता तुमचा देव हाय. मी हात लावला अन् उद्या कुणी काय बोललं, तर आम्ही कुठं जायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला सहन होईना. हिनंच डोळे काढायला सांगितले होते, आमच्याबरोबर भिंतीला धरून हसली होती. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता बॅग भरावी. महानंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती घरात गेली. मला वाटलं रडायला गेली.

ती लोटा घेऊन बाहेर आली. पदर खोचलेला.

"काशिनाथ, कुलूप काढ. अभिषेक करायचाय."

पूजेला नाही म्हणता येईना. त्यानं कुलूप काढलं. "करा."

"पाणी?"

"हापा की."

"मी हापू का वतू? अभिषेकाची धार तुटून चालत न्हाई. तू हाप."

काशिनाथनं पट्टीतला खांदा दाखवला. "पालखीनं हात वर होईना झालाय."

मी पुढे झाले. महानंदानं मला डोळ्यांनीच मागे सारलं. "मेहरून," ती मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या हाताशिवाय याला लवकर पाणी येत न्हाई. ये खाली."

काशिनाथ उठून उभा राहिला. "वैनी, ती..."

"ती काय? बोल. सगळ्यांम्होरं पूर्ण बोल."

गल्लीतल्या बायका घागरी घेऊन जवळ सरकल्या. सोहळ्यामुळे काल पाणी भरता आलं नव्हतं आणि बहुतेकींच्या घरात थेंब नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "बोल की रं मुडद्या, का घसा वाळलाय?" काशिनाथनं खरोखरच कोरडा आवंढा गिळला आणि खाली बसला.

मेहरूनबी बराच वेळ ओट्यावरच उभी होती. मग चपला काढून ती उतरली, कठड्याच्या आत आली आणि तिनं दांडा धरला. हवा. हवा. पुन्हा हवा. मग ते घसा खाकरणं आणि धार. महानंदानं लोटा भरून हापशाच्या डोक्यावर ओतला. विभूती ओघळली. लहानमोठे डोळे वाहून गेले. खालून हिरव्या रंगाचं, टवके उडालेलं लोखंड निघालं.

"थांबू नको," महानंदा म्हणाली. "धार तुटली तर पाप लागतंय." आणि पायानं सरकवून तिनं धारेखाली पहिली घागर ठेवली. ती मेहरूनची होती. मग लोट्यालोट्यानं देवाला आणि घागरीघागरीनं गल्लीला पाणी जात राहिलं. मीही माझी घागर लावली. मला हसू फुटत होतं. देवावरचा माझा विश्वास जिथे होता तिथेच होता, पण त्या गल्लीतून मी हलले नाही.

ऊन चढलं. काशिनाथ खुर्चीत ओठ चाटत बसला होता. त्याला पाणी द्यायला समितीचं कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी तो उठला, इकडेतिकडे बघितलं आणि चांगला हात पुढे करून म्हणाला, "वैनी, थोडं तीर्थ."

महानंदानं घागर बाजूला केली. काशिनाथ हापशाखाली वाकला. मेहरूननं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि दांडा हळू केला, त्याच्या एका हाताच्या पशात मावेल इतकीच धार यावी इतका. तो घटाघटा प्यायला, थांबला, पुन्हा पसा पुढे केला. ती सावकाश हापत राहिली, त्याला ठसका लागू नये म्हणून.